भोकाचे पैसे

मेदूवड्याला भोक असतं, बटाटेवड्याला नसतं. दोघं एकाच कढईतून निघतात, काचेच्या एकाच कपाटात मांडीला मांडी लावून बसतात, चटणीही बहुतेक एकाच बादलीतली असते. तरी एक भरीव आणि एकाच्या पोटात खिडकी. आमच्या ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ उडप्याच्या हॉटेलात मेदूवडा कधीच मागवत नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, "भोकाचे पैसे मी देत नाही."

त्यांचा हिशेब चोख आहे, फक्त तो स्वयंपाकघरात लागू होत नाही. बटाटेवड्याच्या आतली भाजी आधीच शिजलेली असते. कढईत पडल्यावर तळायचं राहतं ते वरचं बेसनाचं अस्तर. मेदूवडा म्हणजे मात्र आतबाहेर वाटलेल्या उडदाच्या डाळीचं कच्चं पीठ. त्याचा भरीव गोळा तेलात सोडला तर वरून तपकिरी होईल आणि आतून पीठच हाताला लागेल. मध्ये भोक पाडलं की तेलाला आत शिरायला वाट मिळते आणि वडा दोन्हीकडून सारखा तळला जातो. हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "वडा नीट तळायचा खर्च हॉटेलवाल्याने करायचा. गिऱ्हाइकाने कशाला?"

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, पण त्यांच्यामुळे मला एक नाद लागला. आपण वस्तू विकत आणतो, पुसतो, जपतो, तिच्यावर नाव घालून घेतो. आणि बरेचदा तिचं खरं काम तिच्यात जिथे काहीच नाही ती जागा करत असते. चाळणी, झारा, किसणी, सोऱ्याची चकती, गाळणं, इडलीपात्राच्या थाळ्या यांतली भोकं बुजवा आणि भांड्यांच्या मांडणीत काय उरतं ते बघा. बहुतेक पत्राच उरेल.

थालीपिठाचं उदाहरण घ्या. थालीपीठ थापून झालं की आमच्या सासूबाई बोटाने मध्ये एक आणि भोवती चार-पाच भोकं पाडतात आणि प्रत्येकात तेलाचे थेंब सोडतात. तेल खाली तव्यापर्यंत पोचतं, वाफेला वर यायला वाट मिळते, थालीपीठ सुटून येतं. माझ्या धाकट्या दिराने एकदा हौसेने थालीपिठावर भोकांचाच चेहरा काढला. दोन डोळे, एक नाक, खाली हसरं तोंड. चेहरा खमंग झाला, कपाळ कच्चं राहिलं. सासूबाई म्हणाल्या, "हुबेहूब तुझ्यावर गेलंय."

घावन आणि अनारसे यांच्या बाबतीत तर भोक म्हणजे परीक्षेचा निकालच. घावनाचं पीठ पातळ आणि तवा कडक तापलेला असेल तर पीठ पडल्या पडल्या वाफ फुटते आणि जाळी धरते. नाही धरली तर ते तांदळाचं धिरडं म्हणून निमूट खायचं, घावन म्हणायचं नाही. अनारशाचं प्रकरण याहून नाजूक. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सुकवून कुटायचे, चाळायचे, गुळात मळून ते पीठ मुरत ठेवायचं, मग खसखशीवर थापून खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचं आणि उलटायचं नाही, वरून झाऱ्याने तूप उडवत राहायचं. एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर वर जाळी पडावी म्हणून. दिवाळीला आमच्याकडे येणाऱ्या आत्याबाई अनारसा लगेच खात नाहीत. उचलून खिडकीकडे धरतात. पलीकडचा उजेड जाळीतून लुकलुकला तर तोंडात टाकतात, नाहीतर "गूळ जास्त झाला असेल" एवढंच म्हणून बशीत परत ठेवतात. आणि गूळ खरोखरच जास्त झाला तर अनारसा तुपात विरघळून पसरतो. त्याला 'अनारसा हसला' म्हणतात. त्या क्षणी कढईपाशी हसणारा तो एकटाच असतो.

जाळीची ही काळजी जगात आणखी एका ठिकाणी केली जाते, स्वित्झर्लंडमध्ये. तिथल्या एमेंटाल चीजला मोठमोठी भोकं असतात. चीज मुरताना त्यातले जिवाणू वायू सोडतात, त्याची ती भोकं. पण पुढे पुढे ती कमी होऊ लागली. शोध घेता घेता २०१५ मध्ये तिथल्या अ‍ॅग्रोस्कोप या सरकारी शेती संशोधन संस्थेने सांगितलं की भोकांची सुरुवात दुधात पडणाऱ्या वाळल्या गवताच्या अतिसूक्ष्म कणांपासून होते. पूर्वी गोठ्यात उघड्या बादलीत धार काढायचे तेव्हा हे कण आपोआप पडायचे. आता बंद नळ्यांतून यंत्राने दूध काढतात. दूध स्वच्छ झालं आणि भोकं रुसली. ही बातमी मी सासूबाईंना वाचून दाखवली. गेली पाच मिनिटं त्या मला ओटा नीट पुसत नाही म्हणून बोलत होत्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ते चीजचं झालं. ओटा पूस."

तेलाच्या पंधरा किलोच्या पत्र्याच्या डब्याला एक भोक पाडून चालत नाही, हे ज्ञान आमच्या घरात पदार्थविज्ञानाच्या आधी आलं. एकच भोक असलं तर तेल भक्-भक् करत, थांबत, अंगावर उडत येतं. कारण तेल बाहेर पडलं की त्याच्या जागी हवा आत जायला हवी, आणि एकाच दारातून एक बाहेर पडतोय नि दुसरा आत घुसतोय अशी स्थिती होते. दादर स्टेशनवर हे रोज दिसतं, तिथे मात्र दुसरं भोक पाडायची सोय नाही. डब्याला समोरच्या कोपऱ्यात खिळा आणि बत्ता घेऊन दुसरं बारीक भोक पाडलं की तेल रेशमासारखं उतरतं. माझा नवरा इंजिनिअर आहे. दुसऱ्या भोकाचं कारण तो वातावरणाचा दाब, पोकळी वगैरे घेऊन सुंदर समजावतो. डबा फोडताना मात्र तो नेहमी एकच भोक पाडतो आणि बोलवायला येतो.

हवेला दुसरी वाट ठेवण्याची हीच युक्ती नंतर मला भलत्याच ठिकाणी भेटली. बॉलपेनाच्या दांडीला मध्येच एक टाचणीएवढं भोक असतं ना, ते त्यासाठीच. शाई खाली सरकली की तिच्या मागे हवा भरायला हवी, नाहीतर पेन अडतं. आमच्या वर्गातल्या मुली त्या भोकावर चिकटपट्टी लावायच्या, शाई उडून जाऊ नये म्हणून. मग पेन उठत नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला जायच्या.

टोपणाच्या टोकाचं भोक मात्र वेगळ्या कामाचं. लहान मुलं टोपण तोंडात घालतात, आणि मोठीही घालतात, कुठल्याही ऑफिसातली टोपणं तपासून बघा. ते चुकून गिळलं गेलं आणि श्वासनलिकेत अडकलं तर त्यातून थोडीतरी हवा जात राहावी, माणूस दवाखान्यापर्यंत पोचावा, म्हणून हे भोक. बिक कंपनीने १९९१ पासून आपल्या टोपणांना ते पाडायला सुरुवात केली, आणि टोपणांच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ ११५४० नावाचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे. जगभरच्या तज्ज्ञांनी बसून टोपणातून किती हवा जायला हवी याचा विचार केला, आणि आम्ही शाळेत त्या टोपणाची शिट्टी वाजवून वर्गाबाहेर उभं राहिलो. दोन्ही उपयोग हवेचेच.

अशी मुकाट कामं करणारी भोकं पुष्कळ. कुलपाच्या तळाशी किल्लीच्या भोकाशेजारी आणखी एक बारीक भोक असतं. पावसाचं आत शिरलेलं पाणी त्यातून निथळतं आणि कुलूप अडलं तर तेलही तिथूनच सोडता येतं. मारी बिस्किटाची भोकं वाफ निघून जाऊन बिस्कीट फुगू नये म्हणून असतात. हे बिस्कीट लंडनमध्ये १८७४ मध्ये रशियाच्या राजकन्येच्या लग्नानिमित्त निघालं. आपल्याकडे येईपर्यंत ते आजारी माणसाचं खाणं झालं. विमानाच्या खिडकीच्या मधल्या काचेलाही तळाशी एक भोक असतं, दोन काचांमधला दाब केबिनमधल्या दाबाएवढाच राहावा आणि सगळा भार बाहेरच्या काचेने पेलावा म्हणून. माझ्या शेजारी बसलेल्या एका काकूंना ते दिसलं तेव्हा त्यांनी पर्समधून टिकली काढून आतल्या काचेवर, बरोबर त्याच्या समोर लावली. "एवढं महागाचं तिकीट," त्या म्हणाल्या, "आणि काचेला भोक."

माठाची भोकं तर दिसतही नाहीत. मातीच्या त्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात माठ दात वाजवण्याइतकं गार पाणी देतो आणि मुंबईच्या दमट हवेत त्याच माठाचं पाणी नळाच्या पाण्याशी फार फटकून वागत नाही. हल्ली माठावर तैलरंगात मोर, वारली नाच, कधी कधी 'वेलकम'सुद्धा रंगवलेलं असतं. रंगाने छिद्रं बुजतात. मग मोर बघायचा आणि पाणी फ्रिजमधलं प्यायचं.

सगळ्यांत मानाचं भोक मी पाहिलं ते एसटीच्या कंडक्टरच्या हातात. १ जून १९४८ ला पुणे-नगर अशी पहिली एसटी धावली आणि पुढे कित्येक दशकं कंडक्टर म्हटला की खाकी कपडे, चामड्याची पिशवी, रंगीबेरंगी तिकिटांचा ट्रे आणि पंच असा थाट असायचा. त्या पंचने तिकिटाला भोक पडायचंच, पण त्याआधी तो आडव्या दांड्यावर टक्-टक्-टक् वाजायचा. त्या आवाजाचे अर्थ गाडीतल्या सगळ्यांना पाठ असत. पुढे सरका. सुटे काढा. मागच्या बाकावरचे झोपेचं सोंग घेतलेले, तुमच्याकडेच येतोय. भोक तिकिटावरच्या कुठल्या आकड्यावर पडलंय यावरून तुम्ही कुठे चढलात ते तपासनिसाला कळायचं. आता हातात मशिन आलं. ते चुर्र करून कागद ओकतं, आणि महिनाभराने त्यावरची छपाई आपण प्रवास केलाच नव्हता इतकी पुसट होते.

आता गंमत ऐका. अमेरिकेत हर्मन हॉलरिथ नावाचा एक इंजिनिअर होता. जनगणनेची आकडेमोड हाताने करता करता वर्षं निघून जात, त्यावर तो यंत्र शोधत होता. त्याला कल्पना सुचली ती रेल्वेच्या कंडक्टरवरून. तिकडे तिकीट दुसऱ्याला विकू नये म्हणून कंडक्टर तिकिटाच्या कडेला प्रवाशाचं वर्णन भोकांनी नोंदवून ठेवायचा: केस फिके, डोळे काळे, नाक मोठं. हॉलरिथने ठरवलं, आपण प्रत्येक माणसाचं असंच एक कार्ड करायचं. १८९० ची अमेरिकेची जनगणना त्याने भोकं पाडलेल्या कार्डांवर यंत्राने मोजली. त्याची कंपनी पुढे ज्या कंपनीत विलीन झाली तिचं नाव १९२४ मध्ये आयबीएम पडलं. कॉम्प्युटरच्या खानदानात मूळपुरुष म्हणून एक पंच हाती घेतलेला कंडक्टर उभा आहे, ही गोष्ट हिंजवडीत काम करणाऱ्या माझ्या भाच्याला मी मुद्दाम सांगितली. तो एसटीने येत नाही. आपल्या कंडक्टरांवर नाकाची नोंद करायची पाळी आली नाही हे मात्र बरं झालं. "मावशी, नाक मध्यम लिहू का मोठं?" यावरून स्वारगेटपासून शिवाजीनगरपर्यंत गाडी हलली नसती.

या खानदानाची दुसरी शाखा आपल्या अंथरुणात आहे. फ्रान्समध्ये जोसेफ जकार्डने १८०४ च्या सुमारास असा माग केला की भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकामागून एक सरकत जातात आणि कुठला धागा उचलायचा, कुठला नाही, हे त्या भोकांवरून ठरतं. सोलापुरी चादरीवरची नक्षी विणणारे जकार्ड माग याच वंशातले. पाहुणे आले की आपण कपाटातून काढतो, ती चादर म्हणजे भोकांनी लिहिलेला मजकूर सुताने वाचलेला असतो. आमच्याकडे एक चादर सासूबाईंच्या लग्नातली आहे. रंग गेला, कडा विरल्या, नक्षी मात्र एका धाग्यानेही चुकलेली नाही. कॉम्प्युटर आमच्या घरात एवढा कुठलाच टिकलेला नाही.

पैशालाही भोक होतं, हे आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना तो शाप वाटतो. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा सरकारने १९४३ पासून मध्ये भलंमोठं गोल भोक असलेला एक पैसा काढला. वजन दोन ग्रॅम, म्हणजे आधीच्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी. किंमत तीच, रुपयाचा चौसष्टावा भाग. पहिला ढब्बू पैसा खिशात वाजायचा, हा भोकाचा पैसा दोरीत ओवता यायचा. पोरांच्या करदोट्यात तो गेला आणि नळ दुरुस्त करणाऱ्यांनी त्याचा वायसर केला, कारण बाजारातला वायसर पैशाहून महाग पडे. सरकारने चलनातून भोकाएवढा धातू वाचवला आणि जनतेने चलनच नळात बसवलं. जपानचं पाच येनचं नाणं आणि डेन्मार्कचा क्रोन आजही भोकाचे आहेत. आपल्याकडे १९४७ नंतर पैशाचं भोक गेलं. खिशाचं राहिलं.

सुईच्या भोकाला आपण नेढं म्हणतो. हातसुईचं नेढं मागे असतं, शिलाई मशिनच्या सुईचं टोकाशी. एवढाच फरक, पण तो लक्षात यायला माणसाला फार वर्षं लागली. अमेरिकेच्या एलियस हाउने १८४६ मध्ये अशा सुईच्या मशिनचं पेटंट घेतलं. त्याला स्वप्नात भाल्यांच्या पात्यांना भोकं दिसली अशी एक गोष्ट सांगतात. खरीखोटी देव जाणे. माझ्या स्वप्नात मशिन येतं तेव्हा त्यात दोरा अडकलेला असतो. आणि डोंगराच्या भोकालाही आपण नेढंच म्हणतो. राजगडाच्या सुवेळा माचीवर, रतनगडावर अशी नेढी आहेत. वाऱ्यापावसाने कातळ आरपार खाल्लेला, इकडून बघितलं की तिकडचं आभाळ. राजगडावर तीन माच्या, बालेकिल्ला, दरवाजे, तळी, पंचवीसेक वर्षं शिवाजी महाराजांच्या राजधानीचा मान. पण रांग लागते नेढ्यात बसून फोटो काढायला. किल्ला बांधणाऱ्यांनी जिथे हात लावला नाही तेवढीच जागा हल्ली सगळ्यांच्या प्रोफाइलवर आहे.

आता घरातलं भोक. नवऱ्याने ड्रिल मशिन घेतलं तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. हातात ड्रिल मशिन आलेला पुरुष भिंतीकडे कसा बघतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. कालनिर्णयला खिळा होताच, तो काढून स्क्रू बसवण्यात आला. किल्ल्यांसाठी एक, घड्याळासाठी एक, आधीचं जरा वाकडं पडलं म्हणून शेजारी दुसरं, आणि ते झाकायला एक निसर्गचित्र, त्यासाठी आणखी एक. शेजारचे जोशीकाका रविवारी दुपारी दार वाजवून विचारायचे, "अजून भिंत शिल्लक आहे का?"

घर सोडायची वेळ आली तेव्हा घरमालक आले. सभ्य माणूस. वही, पेन्सिल आणि चष्मा घेऊन त्यांनी खोलीखोलीतून फिरून भोकं मोजली. बोटाने चाचपून बघितली, मोठं कुठलं, लहान कुठलं, रकाने पाडले. मग दर भोकामागे रक्कम लावून त्यांनी बेरीज केली आणि डिपॉझिटमधून तेवढे पैसे कापले.

मी म्हटलं, "काका, स्वयंपाकघरातली ही दोन आमची नाहीत. आम्ही आलो तेव्हापासून आहेत."

त्यांनी वही चाळली, एका जुन्या पानावर बोट ठेवलं आणि समाधानाने मान हलवली.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "ह्या दोहोंचे आधीच्या भाडेकरूकडूनही घेतलेत."